रॅम्पचा अर्ज टाकण्याआधी जोतं मोजा
ताई, सासूबाईंच्या व्हीलचेअरसाठी घरात बदल करायचेत ना, मग आधी ग्रामपंचायत गाठा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. बऱ्याच गावांत तो थोडाथोडा वाटून संपवतात, म्हणून अंदाजपत्रक ठरायच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. (तोंडी 'बघू'ला काही अर्थ नाही.) सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जोडा, त्यावर अपंगत्व किमान 40 टक्के हवं.

अर्जात नुसतं 'मदत मिळावी' नको, मापं लिहा. उतार 1:12 धरतात, म्हणजे जोतं दीड फूट असेल तर रॅम्प 18 फूट! अंगण तेवढं नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवावा लागेल. संडासाचं दार अरुंद असेल तर तेही त्याच अर्जात घाला. गवंड्याकडून खर्च लिहून घ्या, पण मंजुरीआधी काम काढू नका.