आधी मतदार कोण ते ठरव

सोलापूर

चि. …, अनेक आशीर्वाद.

बाजार समितीबद्दलचं तुझं निवेदन वाचलं. राग खरा आहे, पण मागण्या फार. संचालक कमी करा, सभापती थेट निवडा, शिक्षणाची अट घाला, दोनच मुदती द्या. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात यावर शिक्का बसेल, पोच मिळेल आणि कागद फायलीत जाईल. यातलं बरंच त्यांच्या हातातही नाही. बाजार समितीचं मंडळ १९६३ च्या कायद्याने ठरतं, तो बदलायचा तर विधिमंडळात. म्हणून एकच मागणी धर, पण पक्की: मतदार कोण?

माझा जन्म अडतीवर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या माल विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, लिहिण्यात गेला, त्यामुळे मला सगळं पट्टीतूनच दिसतं. मंडळ १८ जणांचं. ११ गावोगावच्या सहकारी सोसायट्यांतून, ४ ग्रामपंचायतींतून, २ व्यापारी-अडते, १ हमाल-तोलार. हमाल आपला माणूस स्वतः निवडतो, अडत्याही स्वतः निवडतो. परवाना आहे, परवान्यावर नाव आहे, ते यादीत जातं. ज्याचा माल, त्या शेतकऱ्याच्या वतीने मात्र सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य मत टाकतात. गावागणिक वीस-तीस मतं. ती कुणाच्या गाडीतून मतदानाला येतात, हे तुला सांगायला नको.

‘शेतकऱ्याला थेट मत द्या’ असं तू लिहिलंस. ते एकदा होऊन गेलंय. २०१७ मध्ये किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला मत मिळालं आणि जुलै २०१८ मध्ये आपल्या सिद्धेश्वर बाजार समितीची निवडणूक तशीच, गण म्हणजे छोटे मतदारसंघ पाडून झाली. गंमत अशी की ज्या सुभाष देशमुखांकडे तेव्हा सहकार खातं होतं, त्यांचंच पॅनेल इथे हरलं. मतदार वाढले की निकाल कुणाच्या खिशात राहत नाही, एवढं त्यातून दिसलं. उभी राहिलेली मंडळी मात्र बहुतेक जुनीच होती, तेव्हा फार हुरळू नकोस. २०२० मध्ये खर्चाचं कारण सांगून ते मत काढून घेतलं. कारण सोयीचं होतं, पण खोटं नव्हतं. निवडणुकीचा खर्च समितीच्याच तिजोरीतून जातो. यावर उत्तर तयार ठेव, पहिला प्रश्न तोच येईल.

आणि खरी मेख पुढेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथे ५१२ किलो कांदा विकून हातात दोन रुपयांचा चेक पडलेला शेतकरी आठवतो? देशभर बातमी झाली होती. तो बार्शी तालुक्यातला. आपल्या समितीचं क्षेत्र उत्तर आणि दक्षिण सोलापूर. म्हणजे ना आज, ना २०१८ च्या पद्धतीत, त्याला इथे मत असतं. कर्नाटकातून गाडी भरून येणाऱ्याचं तर नावच नको. माल ओततो एक, मंडळ निवडतो दुसरा.

म्हणून मी म्हणतो, राहण्याचा पत्ता सोड, विक्री धर. मागच्या काही वर्षांत या आवारात ज्याने माल विकला, तो मतदार. अडत्याला परवाना चालतो, तर शेतकऱ्याला पट्टी का नाही?

पण पट्टी लिहिणारा अडत्या. निवडणुकीच्या तोंडावर हव्या त्या नावाच्या पट्ट्या निघतील. मी त्या खुर्चीत बसलोय, मला विचार. तेव्हा पट्टीवर भिस्त नको. गेटवरची आवक नोंद आणि समितीकडे भरलेला सेस, म्हणजे बाजार शुल्क, दोन्ही जुळलं तरच नाव यादीत, असं लिही. एका माणसाला एकच मत, ट्रक दहा आणले तरी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्रारूप मतदार यादी लागली की हरकतींच्या मुदतीत ती गावातल्या चार पोरांसोबत ओळ न ओळ वाच. मयत, पायउतार झालेले सदस्य अजून यादीत आहेत का बघ. तोंडी तक्रार करू नकोस. लेखी दे, पोच घे.

पुढच्या वेळी येताना निवेदन एका पानाचं करून आण. आणि घरातल्या मागच्या तीन हंगामांच्या पट्ट्या शोध. कांदा तुझी आई काढते, निवडते, भरते. पट्टीवर नाव कुणाचं आहे ते पाहून ये. त्यावर निवेदनात एक कलम लागेल.

तुझा,
काका