ईएसएफजे प्रकार आला म्हणजे बुद्धी कमी असते का?

आपण विचारले आहे की, दहावी झालेल्या आपल्या मुलीने एक व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवली, तिचा प्रकार ईएसएफजे निघाला, मैत्रिणीचा आयएनटीजे निघाला, आणि आयएनटीजे व आयएनटीपी हेच सर्वांत बुद्धिमान प्रकार असल्याचे कुठेतरी वाचल्यापासून ती विज्ञान शाखा नको म्हणू लागली आहे. तर या प्रकारांचा बुद्धीशी खरोखर काही संबंध असतो का? मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आणि गरजेनुसार मुलांच्या बुद्धिमापन चाचण्याही घेतो. संबंध आहे, परंतु तो प्रामुख्याने चारपैकी एका अक्षरापुरता आहे, बेताचा आहे, आणि त्यावरून कोणाची शाखा ठरवावी इतका तर मुळीच नाही.

ही अक्षरे मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीची आहेत. चार जोड्यांतून प्रत्येकी एक अक्षर येते: ‘ई’ बहिर्मुख की ‘आय’ अंतर्मुख, ‘एस’ प्रत्यक्ष तपशिलाकडे ओढा की ‘एन’ कल्पना व शक्यतांकडे, ‘टी’ की ‘एफ’, आणि ‘जे’ आखीव की ‘पी’ लवचीक. कार्ल युंग यांचा मानसिक प्रकारांविषयीचा ग्रंथ 1921 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील कल्पनांच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज व इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली रचायला घेतली. दोघींनीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते; त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर आहे, तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी. या प्रश्नावलीत आपल्याला काय आवडते, काय सोयीचे वाटते एवढेच विचारलेले असते. तिच्यात सोडवायचे एकही उदाहरण नसते आणि कोणतेही उत्तर चूक नसते. ही चाचणी कल दाखवते, क्षमता नव्हे, असे तिचे प्रकाशकही सांगतात. ‘टी’ म्हणजे विचार आणि ‘एफ’ म्हणजे भावना असे वाचून पुष्कळ मुले समजतात की ‘एफ’वाल्यांना विचार करता येत नाही, प्रत्यक्षात निर्णय घेताना माणूस तर्काला आधी झुकते माप देतो की माणसांना, एवढाच त्या अक्षरांचा आवाका आहे. शिवाय फुकट मिळणाऱ्या बहुतेक चाचण्या मूळ प्रश्नावलीच्या नकला असतात, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरी अडचण प्रकार पाडण्याची आहे. बहिर्मुखता घ्या किंवा तपशिलाची आवड घ्या, बहुतेक माणसे मधोमध कुठेतरी असतात. 59 टक्क्यांना द्वितीय श्रेणी आणि 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते म्हणून त्या दोन विद्यार्थ्यांत श्रेणीइतके अंतर आहे असे कोणताही परीक्षक मानणार नाही, आणि येथे तर तशा चार रेषा मारलेल्या आहेत. त्यामुळे हीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली असता जवळपास निम्म्या लोकांचे निदान एक अक्षर बदलल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. बुद्धीविषयी असे म्हणता येत नाही. नीट घेतलेल्या चाचणीचा बुद्ध्यंक महिन्याभरात इकडचा तिकडे होत नाही.

म्हणूनच संशोधक आता प्रकारांऐवजी पाच गुणांच्या मापांवर भर देतात: अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थैर्य. या गुणांचा बुद्धीशी काय संबंध आहे यावर ॲकरमन आणि हेगेस्टाड यांनी 1997 मध्ये आधीच्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात खुलेपणा आणि बुद्धी यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळतात याचे माप; 0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) सुमारे 0.33 आला, भावनिक अस्थैर्याचा उणे 0.15, बहिर्मुखतेचा 0.08, आणि सौजन्य व कर्तव्यदक्षता यांचा जवळजवळ शून्य. 0.33 हा त्यांतला सर्वांत मोठा आकडा, तरी त्याचा वर्ग केला की माणसामाणसांच्या बुद्धीतील फरकाचा जेमतेम नववा-दहावा हिस्सा त्यात मावतो. मॅक्रे आणि कोस्टा यांनी 1989 मध्ये मायर्स-ब्रिग्जची अक्षरे या पाच गुणांशी ताडून पाहिली, तेव्हा ‘एन’ हे अक्षर खुलेपणाशी सुमारे 0.7 इतके जुळले. आयएनटीजे आणि आयएनटीपी यांच्या हुशारीची ख्याती येथून येते. जे काही आहे ते ‘एन’चे आहे; अंतर्मुखतेच्या ‘आय’चा त्यात फारसा वाटा नाही, जरी घुमा मुलगा म्हणजे हुशार मुलगा हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला असला तरी.

खुलेपणा बुद्धीशी कोणत्या बाजूने जुळतो हे पाहणे अधिक मोलाचे आहे. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग मानले: अपरिचित कोडे जागच्या जागी सोडवण्याची क्षमता, आणि वर्षानुवर्षे साठत गेलेले ज्ञान व शब्दसंग्रह. खुलेपणाचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी आहे, पहिल्याशी बराच कमी. शाळा सुटल्यावर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसणाऱ्या मुलाचा शब्दसंग्रह दहा वर्षांत वाढणारच, आणि चाचणीतील शब्दार्थाच्या भागात तो वरचढ ठरणारच. त्यात जन्मजात तल्लखपणा किती आणि कुतूहलाने केलेली साठवण किती, हे त्या गुणांवरून वेगळे काढता येत नाही. आपल्या शहरात याला आणखी एक पदर आहे. पूर्व भागातील ज्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात आणि शाळा मराठी माध्यमाची असते, ती मुले मराठी शब्दांच्या प्रश्नांत मागे पडतात आणि ठोकळ्यांच्या कामात पडत नाहीत, असे मला अनेकदा दिसते.

ठोकळ्यांचे काम म्हणजे काय ते सांगतो, कारण व्यक्तिमत्त्व गुणांत कसे शिरते ते तेथे डोळ्यांना दिसते. नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी रूपांतरित केलेल्या चाचणीत रंगीत ठोकळे देऊन कार्डावरील नक्षी जुळवायला सांगतात आणि लवकर जुळवल्यास जादा गुण देतात. एखादी मुलगी नक्षी झटकन जुळवते, पण हात काढून घेत नाही. कार्डाकडे पाहते, कडा बोटाने सारख्या करते, माझ्या चेहऱ्याकडे पाहते, आणि मग “झालं, सर” म्हणते. तोवर घड्याळ चालूच असते आणि जादा गुण गेलेले असतात. शेजारच्या खोलीतला धिटुकला मुलगा शेवटचा ठोकळा टेकवण्याआधीच “झालं!” ओरडतो. दोघांना कोडे सारखेच उमगलेले असते. तपशिलाकडे ओढा असणारी माणसे प्रश्न पुन्हापुन्हा वाचतात आणि वेळेच्या चाचणीत त्यामुळे मागे पडतात, हे मायर्स यांनीही नोंदवले होते. आणि ‘एस’ हे अक्षर अशाच माणसांचे आहे. परीक्षेच्या भीतीचेही असेच आहे. भावनिक अस्थैर्याचा जो उणे आकडा वर दिला, त्यातला काही भाग बुद्धीच्या कमतरतेचा नसून त्या अर्ध्या तासातल्या धडधडीचा असावा, असे माझे मत आहे.

कर्तव्यदक्षतेचा सहसंबंध शून्याजवळ आहे हे वाचून निराश होऊ नये, उलट ती आनंदाची बातमी आहे. बुद्धीशी संबंध नसलेला हा गुण परीक्षेतील यशाशी मात्र चांगला जुळतो. पोरोपाट यांच्या 2009 मधील आढाव्यात शैक्षणिक यशाशी असलेला त्याचा संबंध जवळजवळ बुद्धीच्या तोडीचा निघाला. मायर्स-ब्रिग्जमधील ‘जे’ हे अक्षर याच गुणाशी जुळते, आणि ते आपल्या मुलीच्या चार अक्षरांत आहे. ज्या मैत्रिणीशी ती स्वतःची तुलना करते तिच्यातही आहे, हा भाग निराळा.

आता शाखेविषयी. आपल्या राज्यात 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे, तेव्हाही निकालात एखादे क्षेत्र वर आले नाही की आपल्याला ते जमणारच नाही असा अर्थ मुले काढत. मुलीला विज्ञान आवडत नसेल तर ते स्वतंत्र आणि पुरेसे कारण आहे. पण आवडत असून केवळ अक्षरांमुळे ती मागे सरत असेल, तर नववी-दहावीचे गणित व विज्ञानाचे गुण पाहा, आणि अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील पहिली दोन प्रकरणे तिला सुट्टीत सोडवायला द्या. तरीही शंका राहिली तर प्रशिक्षित व्यक्तीकडून एकेकट्याने घ्यायची बुद्धिमापन चाचणी करून घ्या. आपल्या घरी कन्नड बोलतात असे आपण लिहिले आहे, ते चाचणी घेणाऱ्याला आधीच सांगा. धारवाडच्या कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील मुलांसाठी केले होते, आणि ते 3 ते 22 वर्षे वयापर्यंत चालते. त्याची प्रमाणके (गुणांची तुलना ज्या सरासरीशी करतात ती) जुनी असल्यामुळे एकूण बुद्ध्यंकावर फार भर न देता कोणत्या प्रकारचे प्रश्न तिला सहज सुटले आणि कोणते अडले, हे परीक्षकाला समोर बसवून विचारा.