पत्र्यातली भोकं आणि स्टेप ड्रिल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाण्याच्या मोटरींच्या स्टार्टर पेट्या दुरुस्त करतो. १६ गेजच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पत्र्याला १२ मिमीच्या साध्या ड्रिलनं भोक पाडलं की ते तिकोनी होतं आणि शेवटी पत्रा ड्रिलवर चढतो. म्हणून ४ ते ३२ मिमीचं स्टेप ड्रिल (शंकूसारखं, पायरीपायरीनं रुंद होत जाणारं ड्रिल) घेतलं. पण पुश बटणाचं २२ चं भोक २४ चं होऊन बसलं, वर आतल्या कॉन्टॅक्टरलाही (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) टोक लागलं. चुकतं कुठं? (निपाणी)

उत्तर : आधी तिकोनी भोकाचं बघू. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी. ११८ अंशांच्या १२ मिमी ड्रिलचं टोकच मुळी ३.६ मिमी लांब असतं. म्हणजे टोक पत्र्यातून पार होतं तेव्हा धारा अजून पूर्ण व्यासाला पोचलेल्याच नसतात. मधला आधार गेला की दोन धारा भोकात हेलकावे खातात. साध्या ड्रिलचा पीळ पत्र्याला वर ओढतो, तेव्हा पत्राही चढतो. दोष ड्रिलचा नाही, पातळ पत्रा हे त्याचं कामच नव्हे.

स्टेप ड्रिलची प्रत्येक पायरी आधीचं गोल भोक दोन्ही बाजूंनी फक्त १-१ मिमी वाढवते, म्हणून भोक गोल राहतं. ४ पासून दोन-दोन मिमीनं मोजत गेलं की २२ ची पायरी दहावी. एका पायरीची उंची ४ मिमी धरली तरी ती पत्र्यात बसेपर्यंत टोक पेटीत जवळजवळ ४० मिमी आत गेलेलं असतं. तेव्हा आधी आतली मोकळी जागा पट्टीनं मोजा. जागा नसेल तर कॉन्टॅक्टर काढून ठेवा किंवा दार सुटं करून बाहेर भोक पाडा. पेटीत काही राहणारच असेल तर ते कापडानं झाका आणि नंतर कीस लोहचुंबकानं उचला. तोंडानं फुंकलात तर तोच कीस कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये जाऊन बसेल. हे सगळं करण्याआधी लाइन बंद आहे याची टेस्टरनं खात्री करा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, त्याच्या वरच्या बाजूला सप्लाय असतोच.

२४ चं भोक झालं, कारण दाब सोडायला उशीर झाला. हव्या त्या पायरीवर मार्करनं गडद रेघ ओढा. ती पायरी पत्र्याला लागली की हात हलका करा. पायरी पत्र्यातून गेली की ड्रिलचा आवाज मोकळा होतो, तिथंच थांबा. पुढच्या पायरीची तिरकी कड भोकाला नुसती टेकवून उचलली तर वरची बर (कडेला उरलेला धारदार कंगोरा) निघते. मागची बर कानशीनंच काढावी लागते.

आता बटणाचं. २२ मिमीचं म्हणून विकलं जाणारं बटण साधारण २२.३ ते २२.५ मिमीचं भोक मागतं. दोन-दोन मिमीच्या ड्रिलमध्ये २२ नंतर थेट २४ येतं. तेव्हा २२ वर थांबा आणि अर्धगोल कानस चारी बाजूंनी सारखी फिरवा. केबल ग्लँडचंही (केबल पेटीत शिरते तिथं ती आवळून धरणारा तुकडा) तेच. पीजी हे ग्लँडच्या मापांचं नाव : पीजी ९ ला १५.२, पीजी ११ ला १८.६, पीजी १६ ला २२.५ मिमी लागतं. रोजचंच काम असेल तर पीजीच्या मापांचं वेगळं स्टेप ड्रिल मिळतं, ते घेतलेलं परवडतं.

ड्रिल सरकू नये म्हणून सेंटर पंचनं आधी खूण ठोकायला विसरू नका. हातातल्या ड्रिलला बाजूचा दांडा लावा. मोठ्या पायऱ्यांवर हिसका मनगटालाच बसतो. चष्मा घाला, हातमोजे मात्र नकोत, फिरत्या ड्रिलमध्ये ते गुंडाळले जातात.

प्रश्न : दुधाच्या टाकीच्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पत्र्यात २० मिमीचं भोक पाडताना सोनेरी रंगाचं महागडं ड्रिल निळं पडून बोथट झालं. (संकेश्वर)

उत्तर : सोनेरी रंग म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचा पातळ मुलामा. आतलं पोलाद साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) असू शकतं. स्टेनलेससाठी कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचं मागा. पण तुमचं ड्रिल जळलं ते वेगानं. हिशेब सोपा आहे : कापण्याचा वेग मिनिटाला मीटरमध्ये घ्या, ३१८ नं गुणा, मिमीतल्या व्यासानं भागा, की मिनिटाचे फेरे मिळतात. स्टेनलेसला मिनिटाला १० मीटर धरले तर २० मिमीवर सुमारे १६० फेरे येतात. एमएसला २५ मीटर धरले तर सुमारे ४००. दोन गिअरचं बॅटरीवरचं ड्रिल पहिल्या गिअरला लावून ट्रिगर हलका दाबलात तर एवढं जमतं. अडीच हजार फेऱ्यांच्या साध्या हँड ड्रिलवर नाही जमत.

दुसरं कारण हलका हात. ३०४ नुसता घासला गेला की त्याचा पृष्ठभाग कडक होतो, मग नवी धारही घसरते. दाब सलग आणि नेटका ठेवा, प्रत्येक पायरीला कटिंग ऑइलचे दोन थेंब टाका. कीस सुटा पडत राहिला तर ठीक. धूर आला तर थांबा. दुधाच्या टाकीत आतली बर पूर्ण घासून गुळगुळीत करा आणि तेल धुऊन काढा.

प्रश्न : ६ मिमीच्या प्लेटला स्टेप ड्रिल चालेल का? (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : नाही. प्लेट पायरीच्या उंचीपेक्षा जाड असेल तर खालची पायरी पार होण्याआधीच वरची कापायला लागते आणि भोकात टप्पा राहतो. एमएसमध्ये ३ मिमीपर्यंत ठीक. पुढं होलसॉ (गोल करवत) किंवा मॅग्नेटिक ड्रिलवर (लोखंडाला चुंबकानं चिकटणारं ड्रिल) कोअर कटर (फक्त कडेनं गोल कापणारं पोकळ कटर).

प्रश्न : बोथट स्टेप ड्रिलला धार लावता येते का? (चिकोडी)

उत्तर : सरळ खाचेचं असेल तर येते. डायमंड कानस किंवा बारीक दगड घेऊन फक्त खाचेच्या आतला सपाट भाग सारखा घासा. बाहेरच्या गोलाईला हात लावायचा नाही. ती घासली की मापंच गेली, आणि कडेची मोकळीक गेल्यानं ड्रिल कापण्याऐवजी घासत राहील. पीळ असलेल्या खाचेचं हातानं नीट होत नाही.

प्रश्न : जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या) पेटीला पाडलेल्या भोकाच्या कडा एका पावसाळ्यात गंजतात. (खानापूर)

उत्तर : कापलेल्या कडेवर जस्त उरत नाही आणि तुमच्याकडचा पाऊस दमदार. बर काढा, थिनरनं पुसा, जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात कडेला आतबाहेर द्या, ते वाळल्यावरच ग्लँड आवळा. शक्यतो भोक पेटीच्या तळाला पाडा. वरून पाडलेल्या भोकातून केबलवरून ओघळणारं पाणी थेट आत उतरतं. ग्लँड नसेल तर निदान रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) बसवा, नाहीतर पत्र्याची कड केबलचं कव्हर कापेल.