जज व्हायचंय ना, मग पर्स्कींचं रेकॉर्ड आधी पूर्ण वाच

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. लॉ स्कूल संपत आलंय आणि आत्ता तू विचारतेस की मावशी, एका केसवरून लोक जजला घरी बसवत असतील तर त्या खुर्चीची स्वप्नं बघायचीच कशाला. व्हॉट्सॅपवर दोन ओळीत उरकायचा हा प्रश्न नाहीये, म्हणून पत्रच लिहितेय.

तू ॲरन पर्स्कींचं नाव घेतलंस, लैंगिक अत्याचाराच्या एका केसमध्ये फार कमी शिक्षा दिली म्हणून २०१८ मध्ये इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, मतदारांनी घरी बसवलेले जज. पण मला सांग, त्या एका केसपलीकडे तुला त्यांच्याबद्दल काय माहितीये? बहुतेक काहीच नाही. २०१८ मध्ये मत द्यायला गेले तेव्हा मलाही तेवढंच माहीत होतं, त्याची टोचणी अजून आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

माणूस शिकलेला स्टॅनफर्डचा, तिथे लॅक्रॉस खेळलेला, मग बर्कलीहून कायदा. आधी मोठ्या फर्ममध्ये, नंतर आपल्याच सांता क्लारा काउंटीच्या डीए (डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे सरकार पक्षाचे मुख्य वकील) ऑफिसात डेप्युटी. आणि तिथे काम कसलं, तर वारंवार लैंगिक गुन्हे करणाऱ्यांना सोडू नये म्हणून कोर्टात उभं राहायचं. हे वाचून मी थांबलेच होते, कारण माझ्या डोक्यातल्या चित्रात हे कुठेच बसत नव्हतं. २००२ मध्ये ते जजच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, गव्हर्नर ग्रे डेव्हिसनी त्यांना सुपिरियर कोर्टावर नेमलं. म्हणजे मतदारांनी नाही म्हटलं आणि पुढच्या वर्षी गव्हर्नरच्या सहीने तशीच खुर्ची मिळाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुद्द डेव्हिसनाच लोकांनी रिकॉल करून, म्हणजे मुदत संपायच्या आधीच मतदान घेऊन, काढलं.

हे गैर नव्हतं हं, इथली पद्धतच तशी आहे. आपल्याकडे कसं, एमपीएससीची परीक्षा द्या, जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टाचे मॅजिस्ट्रेट, व्हा, मग दर काही वर्षांनी बदली, हायकोर्टाचं लक्ष. साताऱ्याला मी सहा वर्षं वकिली केली, तिथे जजसाहेबांना कुणी मतं मागताना बघायची कल्पनासुद्धा करवत नाही. इथे ट्रायल कोर्टाच्या जजची टर्म सहा वर्षांची आणि कागदावर ते पद निवडणुकीचं. पण मध्येच कुणी रिटायर झालं की जागा गव्हर्नर भरतो, आणि बहुतेक जज याच दाराने आत येतात. त्यासाठी तुला सनदी वकील म्हणून १० वर्षं काढावी लागतील, मग अर्ज, मग स्टेट बारच्या, म्हणजे राज्याच्या वकील संस्थेच्या, कमिशनची छाननी, तुझ्याविरुद्ध लढलेल्या वकिलांनाही तुझ्याबद्दल विचारतात. त्यामुळे समोरच्या वकिलाशी पहिल्या दिवसापासून सरळ वाग.

निवडणुकीचा रस्ताही आहे, पण बॅलटवर पक्ष नसतो, नुसतं नाव आणि खाली व्यवसायाचे मोजके शब्द. तिथे 'डेप्युटी डिस्ट्रिक्ट ॲटर्नी' असं लिहिलेलं असलं की लोक मत देऊन टाकतात, पब्लिक डिफेंडरला, म्हणजे गरीब आरोपींसाठी सरकारने नेमलेल्या वकिलाला, ते तितकं सोपं जात नाही. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे, की बसलेल्या जजसमोर कुणी उभंच राहिलं नाही तर त्याचं नावही सहसा बॅलटवर येत नाही, तो आपोआप निवडून आला असं धरतात. म्हणजे तुझ्या घरच्या मतदाराला कळतसुद्धा नाही की या वर्षी कुठल्या जजची टर्म संपली आणि नवी सुरू झाली.

आता २०१६ च्या तारखा नीट बघ. मार्च संपता संपता ज्युरीने ब्रॉक टर्नरला, बेशुद्ध मुलीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याला, तीन गुन्ह्यांत दोषी धरलं. जास्तीत जास्त शिक्षा १४ वर्षं होऊ शकली असती, सरकार पक्षाने ६ वर्षं मागितली, प्रोबेशन खात्याने काउंटी जेलमधली थोडी शिक्षा सुचवली. २ जूनला पर्स्कींनी पॅलो अल्टोच्या कोर्टात ६ महिने जेल आणि ३ वर्षं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहणं, दिलं, शिवाय जन्मभर लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव. आणि ७ जूनला प्रायमरी, म्हणजे जजच्या निवडणुकीचा पहिला टप्पा, होती. अर्ज भरायची मुदत केव्हाच संपलेली, समोर कुणीच नाही. म्हणजे सगळा देश त्यांचं नाव घेऊन ओरडत होता त्याच आठवड्यात त्यांना पुढची सहा वर्षं मिळाली, आणि त्यावर मत द्यायची सोयच कुणाला नव्हती. रिकॉलला एवढं बळ मिळालं त्यात याचाही वाटा होता असं मला वाटतं.

त्या मुलीने कोर्टात वाचलेलं निवेदन तू वाचलंयस का? नसेल तर वाच, एका बैठकीत वाच. तेव्हा तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, २०१९ मध्ये शनेल मिलर हे नाव तिने स्वतः जाहीर केलं. मी ते ऑफिसात लंचला वाचायला घेतलं आणि डबा तसाच परत घरी आणला. पर्स्कींनी शिक्षा सुनावताना तिच्या निवेदनातल्या ओळी घेतल्या होत्या हे खरं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की तुरुंगाचा या मुलावर फार गंभीर परिणाम होईल असं जज म्हणाले. टर्नर तीन महिन्यांत बाहेरही आला, सप्टेंबरच्या सुरुवातीला.

मग स्टॅनफर्डच्या प्रोफेसर मिशेल डॉबर यांनी मोहीम उभी केली. ५८,६३४ सह्या लागणार होत्या, २०१८ च्या जानेवारीत सुमारे ९५,००० दिल्या. त्यातली एक माझी, सनीव्हेलला किराणा घेऊन बाहेर पडताना क्लिपबोर्ड पुढे आला आणि मी भाजीची पिशवी खाली ठेवून सही केली. ५ जूनला मतही 'हो' दिलं. ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी दिलं. १९३२ नंतर कॅलिफोर्नियात रिकॉल झालेले ते पहिले जज, त्यांची जागा डीए ऑफिसातल्याच सिंडी हेंड्रिक्सन यांना मिळाली. पुढच्या वर्षी पर्स्कींना एका हायस्कूलने टेनिस कोच म्हणून घेतलं आणि बातमी झाल्यावर काही दिवसांत काढूनही टाकलं.

ज्या गोष्टी मी मत द्यायच्या आधी बघायला हव्या होत्या आणि बघितल्या नाहीत त्या आता सांगते. जजविरुद्धच्या तक्रारी बघणारं कमिशन ऑन ज्युडिशियल परफॉर्मन्स या राज्यात १९६० पासून आहे, त्यांनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की पक्षपाताचा किंवा गैरवर्तनाचा पुरावा नाही. डीए जेफ रोझन यांचं ऑफिस ती केस लढलं होतं, शिक्षा कमी आहे हे त्यांनी उघड म्हटलं, तरी त्यांनी रिकॉलला विरोध केला. काउंटीच्या पब्लिक डिफेंडरांनीही केला, आणि हे दोघं एका बाजूला आले की आपण थांबून विचार करावा, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. लाडोरिस कॉर्डेल, याच कोर्टाच्या रिटायर्ड जज, उत्तर कॅलिफोर्नियातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला जज, त्या घसा फोडून सांगत होत्या की याची किंमत गरीब आणि काळेसावळे आरोपी मोजतील. मी टीव्हीवर ऐकलं आणि चॅनेल बदललं.

नंतर दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या सहा काउंट्यांचे शिक्षांचे आकडे काढले. रिकॉलची नुसती घोषणा झाल्यावर, मतदान व्हायच्या कितीतरी आधी, शिक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या, आणि गोऱ्या आणि बाकीच्या आरोपींच्या शिक्षेतला जो फरक आधीच होता तो आणखी रुंदावला. यातल्या कुणाचा त्या केसशी काही संबंध नव्हता गं. एखादा चोरीच्या, एखादा ड्रग्जच्या खटल्यात उभा असेल, स्टॅनफर्डचं नावही त्याने कधी घेतलं नसेल, आणि त्याचे महिने वाढले कारण बेंचवरच्या माणसाच्या डोक्यात आमच्या क्लिपबोर्डची भीती होती. ती शिक्षा चुकीची होती असं मी आजही म्हणते, पण आज तो क्लिपबोर्ड पुढे आला तर मी सही करणार नाही.

आता तुझं बघू. भीती वाटते म्हणून वाट सोडू नकोस, पण भीती आहे हे मान्य करून मगच तिकडे जा. कारण जजचं काम करताना तुझ्या मागे मतदार उभा असणारच आहे, तू त्याच्याकडे बघितलं नाहीस तरी. ज्याला आपली भीती मान्यच नसते तो नकळत दोन वर्षं जास्तीची देऊन मोकळा होतो आणि त्याला वाटतं आपण कायद्याने वागलो.

दुसरं, कारणं बोलायला शीक. साताऱ्याला एक सेशन्स जज होते, शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायचे, ते तर कायद्यानेच ऐकावं लागतं, पण मग डिक्टेशन सुरू करायच्या आधी फिर्यादीच्या घरचं कुणी मागे बसलंय का ते बघायचे, त्यांना पुढच्या बाकावर बोलवायचे आणि साध्या मराठीत सांगायचे की मी अमुक शिक्षा देतोय, तुम्हाला कमी वाटेल, का देतोय ते ऐका. एकदा एक बाई उठून म्हणाली, साहेब मला पटलं नाही. साहेब म्हणाले, बरोबर आहे, अपील करता येतं, सरकारी वकील तुम्हाला सांगतील. ती बाई रडत होती पण शिरस्तेदाराला नमस्कार करून गेली. ते मी कोपऱ्यात काळा कोट घालून बघत होते, वय तुझ्याएवढंच. सौम्य शिक्षा द्यायची वेळ तुझ्यावर कधीतरी येईलच, आणि कधीकधी तीच बरोबर असेल, तेव्हा जिचं नुकसान झालंय तिच्याकडे बघून बोल, आरोपीच्या भविष्याकडे नंतर वळ.

आणि नोकरीचं विचारलंस, तर पहिली दोन-तीन वर्षं पब्लिक डिफेंडरकडे काढ असं माझं मत आहे, बॅलटवरच्या त्या शब्दांचा तोटा होईल तो होईल. डीए ऑफिसमध्ये नंतरही जाता येईल. आरोपीच्या आईशी कॉरिडॉरमध्ये बोललेला माणूस बेंचवर वेगळा बसतो, हे मी दोन्ही देशांत बघितलंय. तुझ्या बाबांना हे पटणार नाही, त्यांच्याशी मी बोलेन.

येत्या मंगळवारी तुला क्लास नाहीये ना, तर सकाळी आठला सॅन होजेला हेडिंग स्ट्रीटच्या हॉल ऑफ जस्टिसपाशी ये. कुठलीही मोठी केस नाही, रोजचंच बोर्ड, आरोप वाचून दाखवणं, गुन्हा कबूल की नाही ते विचारणं, तारखा. शेवटच्या बाकावर बसू, दुपारपर्यंत. वही आण आणि प्रत्येक शिक्षेपुढे एवढंच लिही की जजने कारण सांगितलं की नाही. डबा मी दोघींचा आणते.

तुझी
मावशी