वाचकांचे प्रश्न : काळ्या कोटिंगमधून उघडी अक्षरं

प्रश्न : आम्ही पंपांची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं ओतून, पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड चिकटवून भट्टीत भाजणं) करून देतो. झाकणावर ग्राहकाचं नाव उठावात असतं, उंची जेमतेम १ मि.मी. झाकण काळं आणि नाव धातूच्या रंगात चमकतं हवं, अशी मागणी आहे. कोटिंगवाला भट्टीत घालण्याआधी अक्षरांवरची पावडर बोटाने पुसतो, पण भाजून आल्यावर कडा धूसर दिसतात. भाजल्यानंतर पॉलिश पेपरने घासलं तर भोवतालचा काळा रंगही जातो. लॉट दोनशेचा आहे. कोणती पद्धत धरावी?
— एक वाचक, मकरपुरा, बडोदा

उत्तर : पूर्ण भाजल्यानंतर घासायची पद्धत धरा. मात्र रंग खरवडला जातो त्याचं कारण घासण्यात शोधू नका, ते कोटिंगच्या आधीचं आहे. तुमच्या अक्षरांचे माथे एका पातळीत नाहीत.

ओतीव अक्षरं डोळ्याला सपाट वाटतात, पण वाळूच्या ओतकामात एक अक्षर शेजारच्यापेक्षा पाव मि.मी. खाली असणं अगदी नेहमीचं. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे ०.०६ ते ०.०८ मि.मी. थरापेक्षा चढउतारच तिप्पट. उंच अक्षर उघडं पडून धातू झिजायला लागतो तरी खालचं अक्षर काळंच असतं. मग कारागीर पेपर बोटाखाली धरून तेवढंच अक्षर घासतो. बोट मऊ, पेपर अक्षरावरून घसरून खालच्या पृष्ठभागावर उतरतो आणि तिथला रंग घेऊन येतो.

म्हणून आधी माथे एका पातळीत आणा. सगळ्या अक्षरांवर मार्करने निळी शाई फिरवा. अक्षरं हाच जॉबचा सर्वात उंच भाग असेल तर जाड काचेवर १८० नंबरचा पेपर चिकटवून जॉब त्यावर पालथा घासा. झाकणाची कड अक्षरांपेक्षा वर असेल तर २० मि.मी. रुंद, सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला दुहेरी टेपने पेपर लावून ती पट्टी फिरवा. शेवटच्या अक्षरावरची शाई गेली की थांबा. नाव देवनागरीत असेल तर अनुस्वाराच्या आणि नुक्त्याच्या टिंबांकडे वेगळं लक्ष द्या. शिरोरेषा लांब असल्याने पट्टी तिच्यावर स्थिर बसते, पण एकटं पडलेलं टिंब खाली राहिलं तर पट्टी त्याला टेकतच नाही.

दोनशे जॉब हाताने घासायची गरज नाही. झाकणाची मागची बाजू मशीन केलेली असेल तर तिच्यावर टेकवून फिक्स्चर करा आणि मिलिंगवर फ्लाय कटरने (गोल फिरणारं एकाच धारेचं हत्यार) पाव मि.मी.चा एकच हलका कट घ्या. यापेक्षा खोल जाऊ नका. पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) वाळूतून सुटावा म्हणून अक्षरांच्या बाजूंना ढाळ दिलेला असतो, त्यामुळे माथा जितका खाली जाईल तितकं अक्षर जाड होतं. ढाळ ३० अंशांचा असेल आणि अर्धा मि.मी. उतरलात तर अक्षराची रेघ जवळजवळ ०.६ मि.मी.ने फुगते, ‘ब’, ‘क’ यांची पोटं भरायला लागतात. तेवढा चढउतार असेल तर पॅटर्न दुरुस्त करून घ्या. ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून सफाई) करत असाल तर ही सपाटी त्यानंतर करा, कारण ब्लास्टिंगने अक्षरांच्या धारा बोथट होतात आणि पुढे रेषा स्वच्छ तुटत नाही.

आता कोटिंग. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत हवा आणि तेल अडकलेलं असतं. ते भाजताना बाहेर पडलं की रंगात फोड आणि टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून तेल काढून झाल्यावर, पावडर मारण्याआधी, जॉब भाजण्याच्या तापमानापेक्षा १०–२० अंश जास्त तापवून अर्धा ते एक तास ठेवा आणि थंड करा. दुसरी अडचण अक्षरांमधल्या फटींची. पावडर फवारणाऱ्या गनचा विद्युतभार उंच कडांकडे पावडर ओढतो, अरुंद कोपऱ्यांत ती शिरत नाही. कोटिंगवाला फट भरावी म्हणून मारत राहतो आणि माथ्यावर थर दुप्पट होतो. त्याला किलोव्होल्ट ८०–१०० वरून ४०–५० वर आणायला सांगा, हवेचा दाबही कमी, आणि पहिला हात फटींवर मारायला सांगा.

भाजणं पूर्ण हवं. पावडरच्या पत्रकात ‘२०० अंशांना १० मिनिटं’ लिहिलेलं असतं ते जॉबच्या धातूचं तापमान, भट्टीतल्या हवेचं नाही. जाड कास्टिंगला तिथपर्यंत पोहोचायलाच बराच वेळ लागतो. कच्चा राहिलेला रंग पेपरमध्ये डिंकासारखा भरतो आणि अक्षराच्या कडेला फाटतो.

जॉब पूर्ण थंड झाल्यावर तीच सरळ पट्टी घ्या, ३२० नंबरचा वॉटर पेपर, आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी. पट्टी अक्षरांच्या ओळीच्या दिशेनेच चालवा, गोल फिरवू नका. आधी चकाकी जाऊन माथा मातकट होतो, मग मधोमध धातू दिसतो आणि काळी किनार आक्रसत कडेला जाते. ती कडेशी पोहोचली की हात उचला. पुढचं घासणं अक्षर जाड करणारं. पेपर वरचेवर पाण्यात बुडवा, नाहीतर अडकलेला कण काळ्या भागावर ओरखडा काढतो. मग ४०० आणि ६००, त्याच दिशेने पाच-सहा हात. स्टील वूल अ‍ॅल्युमिनियमवर अजिबात वापरू नका: त्याचे लोखंडी कण धातूत रुततात आणि पावसाळ्यात तांबडे ठिपके उमटतात.

काम इथे थांबवलं तर फसाल. उघड्या अक्षराच्या कडेला कोटिंगची धार उघडी पडलेली असते. तिथून ओल आत शिरते आणि रंगाखाली केसासारख्या रेघा पसरत जातात. त्याच दिवशी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, नंतर बोट लावू नका (बोटाचा ठसा वरच्या पारदर्शक थराखाली कायमचा दिसतो), आणि दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, ३०–४० मायक्रॉन मारा. काळा भाग चकचकीत असेल तर त्यावर आधी करडं स्कॉच-ब्राइट (खरखरीत घासणी) फिरवा, नाहीतर क्लिअर सोलून निघतं. काळा भाग मॅट किंवा दाणेदार ठेवायचा असेल तर क्लिअर फक्त अक्षरांवर, बारीक ब्रशने, कडेबाहेर अर्धा मि.मी. उतरवून लावा. अक्षरं आरशासारखी बफ करायचा मोह टाळा, गुळगुळीत धातूवर क्लिअर धरत नाही.

पुसण्याच्या पद्धतीबद्दल : न भाजलेली पावडर नुसत्या विद्युतभाराने चिकटलेली असते, म्हणून ती पुसता येते. पण बोट तिला कडेवर ढकलून ढीग करतं, मागे राहिलेले कण वितळून राखाडी पडदा होतो, आणि वितळलेला रंग थोडा परत वर सरकतो. २ मि.मी.पेक्षा उंच, ठसठशीत अक्षरांना ती चालते: सपाट लाकडी ठोकळ्यावर धागे न सुटणारं कापड ताणून, एका दिशेने एकच हात, दर वेळी कापडाची नवी जागा. तुमच्या १ मि.मी.ला नाही.

प्रश्न : अक्षरांवर टेप लावून कोटिंग केलं तर घासायचं काम वाचेल का?
— एक वाचक, वाडी, बडोदा

उत्तर : भट्टी सोसणारी हिरवी पॉलिएस्टर टेप मिळते आणि ती २०० अंशांना टिकते. सरळ पट्टी, गोल बॉस (उंचवटे), आटे यांना ती उत्तम. अक्षरांना नाही. प्रत्येक वळण ब्लेडने कापताना धातूवर चर पडते, आणि टेप काढताना कडेला रंगाचा उभा काठ राहतो जो नखाला लागतो. ‘क्ष’ कापून बघा, घासणं परवडलं म्हणाल.

प्रश्न : घराच्या फाटकावर बिडाची पाटी आहे, आडनाव उठावात. तिलाही कोटिंग करून अक्षरं उघडी काढावी म्हणतो.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : बीड उघडं ठेवू नका. क्लिअर मारलं तरी उन्हापावसात कडेने ओल शिरते आणि अक्षरांखालून तांबडे ओघळ येतात. पूर्ण पाटी कोटिंग करून घ्या, माथ्यांवर ४०० नंबरचा पेपर फक्त चकाकी मरेपर्यंत फिरवा, धातूपर्यंत जाऊ नका. मग कडक रबराच्या छोट्या रोलरवर दोन घटकांचा पीयू रंग, चंदेरी किंवा सोनेरी, अगदी पातळ घेऊन अक्षरांवरून दाब न देता फिरवा. रोलर आधी काचेवर फिरवून बघा: रंग तारेसारखा ओढला गेला तर जास्त झालाय. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात, मधे पहिला हात बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा.