वाचक विचारतात: सिंगापुरात काय पाहायचं, काय सोडायचं

सुट्टीचे बेत ठरू लागले की सिंगापूरबद्दलच्या पत्रांचा ओघ वाढतो. मी इथे तोआ पायोहमध्ये सरकारी वसाहतीतल्या घरात राहते, नातेवाइकांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना हे शहर दाखवत आले आहे. निवडक पत्रांना त्याच अनुभवावरून उत्तरं देते.

प्रश्न: आई ७१ वर्षांची, बाबा ७६. आईचे गुडघे दुखतात. टूरवाल्यांच्या चार दिवसांच्या कार्यक्रमात युनिव्हर्सल स्टुडिओज, झू, नाइट सफारी, सेंटोसा, मर्लायन, मरीना बे सँड्सची गच्ची असं सगळं आहे. त्यांना झेपेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: झेपणार नाही. आणि समजा रेटून नेलंत, तरी आठवणीत राहील ती बसमधली चढउतार आणि घाम. इथे वर्षभर दुपारी ३१-३२ अंश तापमान असतं, त्यात हवा दमट. ऊन मुंबईइतकंच, पण इथे येणारा माणूस एरवी चालत नाही इतकं चालतो.

पहिली काट युनिव्हर्सलवर मारा. ते पाळण्यांत बसणाऱ्यांसाठी आहे. झू आणि नाइट सफारी यांतलं एकच ठेवा. दोन्ही मंडाईला, म्हणजे शहरापासून लांब. नाइट सफारीत ट्राममध्ये बसून बरंच पाहता येतं, म्हणून आईंसाठी ती बरी. फक्त त्या दिवशी दुपारी त्यांना हॉटेलवर झोपू द्या. सँड्सच्या गच्चीचं तिकीट काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फोटोत दिसणारा तो काठ नसलेला तलाव मात्र हॉटेलात उतरलेल्यांसाठीच आहे. तो पाहायला मिळेल या आशेने जाऊ नका.

वाचलेल्या वेळात बोटॅनिक गार्डनला जा. १८५९ मध्ये सुरू झालेली ही बाग २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ती पहाटे पाचला उघडते आणि प्रवेश फुकट आहे. तिकीट लागतं ते फक्त आतल्या ऑर्किड गार्डनला. इथलं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे, पण उजाडतं सातच्या सुमारास. त्यामुळे साडेसातला बागेत पोचलात तर ऊन कोवळं असतं, म्हातारी माणसं ताई-चीचे संथ हात फिरवत असतात, आणि बाकं जागोजागी आहेत. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, नेपियर स्टेशनला उतरून टँगलिनच्या फाटकातून आत जा आणि तेंबुसूचं जुनं झाड शोधा. बाग व्हायच्या आधीपासून ते तिथे आहे. एक जाड फांदी जमिनीला समांतर, खूप लांबवर गेलेली दिसेल. बाबांच्या हातात पाच डॉलरची नोट द्या, मागच्या बाजूला हेच झाड छापलंय. नोट आणि झाड ताडून पाहताना माझ्या सासऱ्यांना झालेला आनंद मला कुठल्याही तिकिटाच्या खेळात दिसला नाही.

याच बागेत हेन्री रिडली नावाच्या संचालकाने रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढायची रीत बसवली. मलायातले, म्हणजे आजच्या मलेशियातले, रबराचे मळे आणि त्यांवर राबायला आलेली तमिळ माणसं यांची गोष्ट बरीचशी इथून सुरू होते. हे गाइड सांगत नाहीत, तुम्ही सांगा.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. तिथल्या उंच कृत्रिम झाडांचा दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रम पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट. चादर न्या आणि जमिनीवर आडवं पडून बघा. सगळे तसंच बघतात. आईंच्या मानेला त्रास नाही. काचेच्या दोन घुमटांपैकी एकच परवडत असेल तर क्लाउड फॉरेस्ट घ्या: आत ३५ मीटरचा धबधबा आणि गारवा. वर लिफ्टने जाऊन उताराने खाली यायचं असतं.

एमआरटीच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे. तिच्या भरवशावर राहा आणि टूरच्या बसपेक्षा एमआरटीने फिरा. तुमचं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड फाटकावर टेकवलं की झालं. प्रत्येकाचं कार्ड मात्र वेगळं हवं.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, आणि सासूबाईंची एकादशी मध्येच येतेय. घरून किती शिधा न्यावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर: भाजणी, मेतकूट आणा, जिवाला बरं वाटतं. त्यापलीकडे ओझं नको. लिटल इंडियात सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, शिवाय आसपास दाक्षिणात्य आणि उत्तर भारतीय शाकाहारी जेवण भरपूर. साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा तिथल्या दुकानांत मिळतं. तेक्का सेंटरमध्ये जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की तळमजल्याच्या बाजारात मासळी आणि मटणाचे गाळेही आहेत. सासूबाईंना वास सहन होणार नसेल तर खाण्याच्या बाजूने शिरा.

पण माझा आग्रह चिनी शाकाहाराचा आहे. बौद्ध परंपरेतले लोक कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. मिडल रोडवरच्या फॉर्च्यून सेंटर या जुन्या इमारतीत अशी शाकाहारी खाणावळींची रांगच आहे. चायनाटाउनच्या बुद्ध टूथ रेलिक मंदिराच्या तळघरातही शाकाहारी जेवण मिळतं. ताटात मटणासारखं काही दिसलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या सत्त्वाचं असतं.

साध्या हॉकर सेंटरात, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, मात्र 'व्हेज' म्हटलं की भाजी असाच अर्थ घेतला जातो. ती भाजी ऑयस्टर सॉसमध्ये परतलेली किंवा सुकट घातलेली असू शकते. 'नो मीट, नो फिश, नो एग' असं तोडून सांगा. काया टोस्टमधल्या कायामध्ये, म्हणजे नारळाच्या गोड जॅममध्ये, अंडं असतं. प्राटा, म्हणजे इथला पराठा, घेताना पीठ कशात मळलंय ते विचारा, आणि सोबत डाळ मागा, नाहीतर माशाचा रस्सा येईल. कोपी, म्हणजे इथली कॉफी, जरूर प्या, तिच्यात कंडेन्स्ड मिल्क असतं. बिनदुधाची हवी तर 'कोपी-ओ' म्हणा.

टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं असेल तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे. तुम्हीही तशीच धरा. जेवून झाल्यावर ट्रे उचलून नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तसा नियमच आहे.

प्रश्न: मी इतिहासाची शिक्षिका. आझाद हिंद सेनेच्या खुणा सिंगापुरात कुठे पाहता येतील? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमच्या पत्राने फार बरं वाटलं, कारण भारतातून येणारी बहुतेक मंडळी या जागांवरून सरळ पुढे जातात.

सुरुवात पाडांगपासून करा. सिटी हॉल स्टेशनाजवळचं हे हिरवं मैदान. ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी इथे आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. मैदानासमोरची खांबांची इमारत म्हणजे जुना सिटी हॉल. याच इमारतीत १२ सप्टेंबर १९४५ रोजी माउंटबॅटन यांनी जपान्यांची शरणागती स्वीकारली. आता शेजारच्या जुन्या सुप्रीम कोर्टासह तिथे नॅशनल गॅलरी आहे.

मैदान ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये जा. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी इथे सेनेच्या अनामिक सैनिकांच्या स्मारकाची पायाभरणी केली होती. सप्टेंबरात ब्रिटिश परतले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. १९९५ मध्ये त्या जागेची खूण म्हणून फलक उभारला गेला. लहानसाच आहे, धावत गेलात तर दिसणार नाही. जवळच ब्रिटिशांनी उभारलेलं पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. दोन्हींपाशी पाच-पाच मिनिटं उभं राहा.

तिथून धोबी घाट स्टेशन जवळ आहे (हो, स्टेशनाचं नाव खरंच तेच). तिथे उतरून कॅथे इमारत गाठा. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा या इमारतीतल्या सभागृहात झाली. जुन्या बांधकामातला दर्शनी भाग तेवढा राखून मागे नवी इमारत उभी केलीय.

दुसऱ्याच दिवशी वॉटर्लू स्ट्रीटवर झाशीची राणी रेजिमेंटचं शिबिर सुरू झालं. तिचं नेतृत्व केलेल्या लक्ष्मी स्वामिनाथन, म्हणजे पुढच्या लक्ष्मी सहगल, सिंगापुरात डॉक्टरकी करत होत्या. दलात भरती झालेल्या कितीतरी मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ कुटुंबांतल्या होत्या, भारत त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. त्या मुली तांब्यांच्या घरात जन्मलेल्या आपल्या मनूचं नाव घेऊन कवायत करत होत्या. तुमच्या वर्गातल्या मुलींना हे नक्की सांगा.

वॉटर्लू स्ट्रीटवर आलाच आहात तर घाई करू नका. क्वान यिन या करुणेच्या देवीचं चिनी मंदिर आणि श्रीकृष्णाचं मंदिर तिथे अगदी शेजारी आहेत. चिनी बायका आधी क्वान यिनला हात जोडतात, मग उदबत्त्या घेऊन कृष्णाच्या दारात येतात. कृष्णमंदिराबाहेर त्यासाठी राखेने भरलेलं मोठं धूपपात्र ठेवलंय. तीन उदबत्त्या कपाळाशी नेऊन वाकायचं, त्या राखेत रोवायच्या आणि मग चपला काढून आत जायचं. पुजारी त्यांनाही आपल्यासारखाच अंगारा देतो. रस्त्यावर कमळाच्या कळ्या विकायला बसलेल्या बायकांकडून दोन्हीकडची फुलं घेतली जातात. चिनी मंदिरात फोटो काढू नका.

परतताना सिटी हॉल स्टेशनासमोरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल बघा. एकोणिसाव्या शतकात काळ्या पाण्यावर पाठवलेल्या भारतीय कैद्यांनी ते बांधलं. भिंतींचा गिलावा शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा भाग आणि साखर घोटून केलेला, नारळाच्या काथ्याच्या पाण्यात कालवलेला. भिंत जवळून पाहा. ती गुळगुळीत होईपर्यंत घासणारे हात आपल्या देशातले होते, आणि बहुतेकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

प्रश्न: मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहणार लातूरचा. मला मॉल नकोत. शहर कसं चालतं ते पाहायचंय. (एक वाचक, लातूर)

उत्तर: २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने ज्या गावाला पाणी आलं, तिथल्या मुलाने आधी मरीना बॅरेजच बघावं. २००८ मध्ये मरीना चॅनेलच्या तोंडावर हा बांध घालून समुद्राचं पाणी बाहेर ठेवलं. शहराच्या मधोमध दिसणारी ती खाडी आता पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. नऊ पोलादी दरवाजे आहेत. मोठा पाऊस आला आणि समुद्राला ओहोटी असली तर ते उघडून पाणी सोडतात, भरती असली तर अजस्र पंपांनी बाहेर फेकतात. वर हिरवळीची गच्ची आहे, लोक तिथे पतंग उडवतात. आतलं प्रदर्शन बघ. नद्या तुटपुंज्या, शेजारच्या मलेशियातल्या जोहोर राज्याकडून पाणी घ्यायचा १९६२ चा करार २०६१ ला संपणार, म्हणून या देशाने पावसाचा थेंब आणि सांडपाणी दोन्ही हिशोबात धरले. शुद्ध केलेल्या सांडपाण्याला इथे न्यूवॉटर म्हणतात.

नंतर मॅक्सवेल रोडवरची सिटी गॅलरी. फुकट आहे, रविवार सोडून जा. शहराच्या मध्यभागाची भली मोठी प्रतिकृती तिथे मांडलीय. त्यावर बीच रोड शोध. नाव समुद्रकाठचं, पण समुद्र आता बराच दूर, कारण मध्ये भराव घातला. १९६५ मध्ये देश सुमारे ५८० चौरस किलोमीटर होता, आता तो ७३० च्या पुढे आहे.

शेवटी आमच्यासारख्यांची वस्ती बघ. इथले पाचातले जवळपास चार रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, एचडीबीच्या घरांत राहतात. तोआ पायोहला उतर आणि कुठल्याही इमारतीच्या तळमजल्यावर जा. घरं नसलेला मोकळा मजला दिसेल, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. दगडी टेबलावर बुद्धिबळाचा पट कोरलेला असतो. शनिवारी तिथेच मलय लग्नाचा मांडव पडतो, आणि एखाद्या घरी कुणी गेलं तर चिनी अंत्यविधीही तिथेच होतो. कोणत्या इमारतीत कोणत्या वंशाची किती घरं असावीत याचं प्रमाण सरकारने १९८९ पासून ठरवून दिलंय. घर विकताना त्याचा जाच होतो, हे मी शेजाऱ्यांकडून ऐकते. तरीही माझ्या मजल्यावर एका दारात तुळस, एका दारात चिनी देव्हारा आणि एका दारात ईदचे दिवे असतात, आणि मला ते मोलाचं वाटतं. वहीत इमारतींच्या उंचीबरोबर हेही टिपून घे.

प्रश्न: सामानात काय आणू नये? आणि दिवाळीत आलो तर पाऊस असतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: पाऊस बारा महिने असतो, नोव्हेंबर ते जानेवारीत जास्त. साधारण दुपारी कोसळतो आणि थांबतो. छत्री ठेवा, बेत बदलू नका.

तंबाखू, गुटखा, खैनी, मिसरी यांतलं काहीही आणू नका. चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. ई-सिगारेट आणि च्युइंगम हेही घरीच ठेवा. आणि दिवाळीत येणाऱ्यांसाठी खास: खसखस परवानगीशिवाय आणता येत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात ती धरली जाते. तेव्हा अनारसे, खसखस घातलेले लाडू, घरचा मसाला यांची आधी खात्री करा. इथे कुणाकडे फराळ नेणार असाल तर चकली आणि शंकरपाळी न्या.

व्हिसा आधी अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. त्याशिवाय पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर भरलं जातं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.