खजिनदारांचं ‘मला काय ठाऊक’

प्रश्न: सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी दोन कंत्राटदार उरलेत. कमिटीच्या पाच जणांनी वाईट, बेताचा, बरा, चांगला, उत्तम यांतला एकेक शेरा द्यायचा होता. पहिल्याला चांगला, चांगला, बरा, उत्तम, बरा असे मिळाले. दुसऱ्याला चौघांनी ‘चांगला’ दिला. खजिनदार म्हणाले, “बेताचाही निघेल, उत्तमही निघेल, मला काय ठाऊक!” सेक्रेटरींनी त्यांच्या नावापुढे ‘बरा’ लिहून टाकलं. ० ते ४ गुण धरले तर दोघांचीही सरासरी २.८! चिठ्ठी टाकायची का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: चिठ्ठी कसली टाकताय! ही बरोबरी सेक्रेटरींच्या पेनातून उतरलीय. खजिनदारांचं बोलणं जसंच्या तसं ठेवा, म्हणजे १ ते ४. मग दुसऱ्याची सरासरी २.६ ते ३.२ यांमध्ये कुठेही पडते. ‘बेताचा’ निघाला तर पहिला सरस, ‘चांगला’ किंवा वर निघाला तर दुसरा. सगळं घोडं त्या एका शेऱ्यावर अडलंय, आणि तोच तुम्ही खोडलात.

शब्दांना गणितात आणायची वाट संगणकशास्त्रज्ञ लोत्फी झादेंनी १९७५ साली ‘भाषिक चल’, म्हणजे आकड्याऐवजी शब्द हीच ज्याची किंमत असते असं चल, मांडून दाखवली. २००० मध्ये हेरेरा आणि मार्टिनेझ या स्पॅनिश संशोधकांनी शब्दाशेजारी उरलेला अपूर्णांकही जपला. तुमचा पहिला कंत्राटदार त्यांच्या रीतीने ‘चांगला, उणे ०.२’, म्हणजे ‘चांगला’च्या ३ गुणांना ०.२ कमी. त्याच दोघांनी रोसा रॉड्रिगेझ यांच्यासह २०१२ मध्ये ‘इथपासून तिथपर्यंत’ असं घुटमळणारं मतही हिशेबात घेतलं. खजिनदारांना हे वाचून दाखवा, खूश होतील.

एक शंका मात्र मला आहेच. ‘बरा’ म्हणजे नक्की किती? मी संख्याशास्त्र शिकवायचे, तेव्हा आमचे विभागप्रमुख जन्मात कुणाला ‘बरा’च्या वर गेले नाहीत, त्यांचा ‘बरा’ मिळाला की आम्ही पेढे वाटायचो. तेव्हा आधी पाचही जणांनी एकच ओळखीचं काम, समजा जिन्याचं रंगकाम, याच शब्दांत तोलून बघा. कोण हात आखडतो ते कळेल.

मग खजिनदारांना घेऊन दुसऱ्या कंत्राटदाराने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेली एखादी गच्ची बघून या. कठड्याच्या सांध्यात भेगा आहेत का ते पाहा, आणि वरच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून छताला ओल येते का विचारा. शेरा त्यांनी तिथून आल्यावर लिहावा, स्वतःच्या हाताने.